नियम २१४, दुसरं वाचन

मंगळवार, संध्याकाळचे सात.
आमचं नगरभवन म्हणजे अग्निबंबाच्या गाडीमागची खोली.
घडीच्या तेवीस खुर्च्या, आज एकोणीस भरलेल्या.
नऊशे बारा वस्तीच्या गावात
एवढी माणसं लग्नालाही येत नाहीत.
इतिवृत्त मी लिहिते. सतरा वर्षं झाली.

गावहद्दीत घरटी कोंबड्या सहा.
कोंबडा एकही नाही.
खुराडं शेजाऱ्याच्या दारापासून पंचवीस फुटांवर.
बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं,
आणि वेळ मोजायला माझ्याच स्वयंपाकघरातलं
अंडी उकडायचं घड्याळ.
त्यावर मागच्या बैठकीत हसून झालं होतं.

लाइल स्टेनरूड म्हणाला, वास.
कुणी म्हणालं, उंदीर.
कुणाचं घर विकायला काढलेलं,
गिऱ्हाईक गाडीतून उतरलंच नाही म्हणे.
मागून एक बाई कडाडल्या,
आज कोंबडा मोजताय, उद्या दोरीवरचे परकर मोजाल!
मी लिहिलं: नागरिकांनी मते मांडली.

मग जोडी ब्रेकी उठली. रात्रपाळीची नर्स.
चाळीस मैलांवरच्या इस्पितळातून पहाटे पाचला घरी येते.
म्हणाली, मला त्यांचं वाईट करायचं नाही,
त्यांच्या पायऱ्यांवरचं बर्फ मीच काढते.
पण परवा औषधाची मात्रा मी दोनदा वाचली
आणि दोन्ही वेळा चुकीची वाचली.
घड्याळात एक मिनिट शिल्लक असताना
ती खाली बसली.

त्यांचं म्हणजे आर्विड टोलेफ्सरूडचं.
शेवटची रांग, वय ब्याऐंशी, टोपी गुडघ्यावर.
कान धान्याच्या कोठारातल्या पंख्यांनी कधीच खाल्ले,
हे अख्ख्या गावाला ठाऊक.
तरी महापौर गॉर्डीनं प्रश्न मोठ्यानं विचारला,
मग त्याहून मोठ्यानं.
शेवटी मीच कागदावर लिहून नेला:
तुम्हाला ऐकू येत नाही, मग कोंबडा कशासाठी?

त्यांनी चष्मा पुसून वाचलं.
म्हणाले, अंडी तर मी दुकानातून आणतो.
तो खांबावर चढतो. ओट्यापासून दिसतो मला.
आधी पंख झाडतो. मग मान ताणतो, ताणतो,
चोच उघडते, गळ्याची पिसं उभी राहतात.
मग मी कॉफी ठेवतो.
थोडं थांबून विचारलं,
आवाज येतो का त्याचा? फार येतो?

कुणाला विचारलं ते कळेना.
जोडी आपल्या बुटांकडे बघत राहिली.
तीन वर्षं. बर्फ काढून झालं,
नाताळचा केक देऊन झाला, तक्रारअर्ज भरून झाला,
एवढं एक सांगायचं राहून गेलं होतं.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
एका घरात राहील, असं मला वाटलं.
इतिवृत्तात वाटण्याला जागा नसते.

तीन विरुद्ध दोन. मंजूर.
वास म्हणणाऱ्या लाइलनंच विरोधात हात वर केला.
का, ते त्यानं सांगितलं नाही,
आणि कारणाचा रकाना आमच्या वहीत नाही.
माणसं गेली. मी खुर्च्या मिटत होते
तेव्हा टेबलावरचं घड्याळ एकदम खणखणलं,
कुणाची तीन मिनिटं संपली कोण जाणे.

नोटीस टपालानं जाते.
ही मी गुरुवारी स्वतः घेऊन निघाले, पहाटेच,
का विचारू नका.
जोडीच्या खिडकीला आतून घोंगडी ठोकलेली.
पलीकडे आर्विडच्या स्वयंपाकघरात दिवा,
दिव्यात एक टोपी, हलत नव्हती.
खांबावर तो आला. पंख झाडले. मान ताणली.
गाडीच्या काचा बंद होत्या तरी कानात कळ गेली.
खरंच फार होता आवाज.

तीस दिवस मोजायचे
ते नोटीस हातात पडल्यापासून. कलम सात.
लिफाफा मांडीवर ठेवून
मी गाडीतच बसून राहिले.
आत कुणीतरी कॉफी ठेवली.